बुटाचा नंबर का जुळत नाही, आणि पायाचे माप घरी कसे घ्यावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या मनीषनगरातील एका गृहस्थांनी कोऱ्या कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने भोवती रेघ फिरवली आणि माप घेतले, ते २६५ मिलिमीटर भरले. त्या मापावरून त्यांनी आठ नंबरचा चामडी बूट मागवला, तो करंगळीला चावू लागला. मग नऊ नंबरचा चालण्याचा बूट मागवला, त्यात टाच सुटते आणि पाऊल पुढे घसरते. हे दोन्ही जोड आता घरी पडून आहेत. त्यांच्या आईंना बारा वर्षांपासून मधुमेह आहे आणि मुलगा यंदा दुसरीत जाणार आहे, त्या दोघांसाठीही पादत्राणे घ्यायची आहेत. घरच्या घरी खात्रीचे माप कसे घ्यावे, असे त्यांनी विचारले आहे.

मी सीताबर्डीच्या परिसरात तीसेक वर्षे पादत्राणांच्या दुकानात लोकांचे पाय मोजत आलो आहे आणि त्याआधी वडिलांच्या हाताखाली फर्म्यावर चामडे ओढून बूट बांधायला शिकलो. त्या अनुभवावरून पहिलीच गोष्ट सांगतो. आपल्या तक्रारीत आठ नंबर आखूड आहे असे कुठेच म्हटलेले नाही. तो करंगळीला चावतो, म्हणजे अरुंद आहे. आपण मात्र त्यावर लांबीचा उपाय केला आणि नऊवर गेलात. माझ्या समोरच्या बाकावर येऊन बसणाऱ्या बहुतेकांचे दुखणे हेच असते. "बूट बसते बरोबर जी, पन चावते," असे ग्राहक म्हणतो, विक्रेता एक नंबर मोठा काढून देतो, चावणे थांबते, आणि पुढची दोन वर्षे तो माणूस सैल बुटात पाय ओढत फिरतो.

हे का घडते ते समजण्यासाठी नंबर कशाचा असतो ते आधी पाहावे लागेल. बूट ज्या पायाच्या आकाराच्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या ठोकळ्यावर बांधला जातो त्याला आमच्या धंद्यात फर्मा म्हणतात. बुटावर छापलेला नंबर या फर्म्याचा असतो. आपल्याकडे इंग्रजी नंबर चालतात आणि त्यांचे एकक मोठे गमतीचे आहे: एक नंबर म्हणजे एका जवाच्या दाण्याची लांबी, तीन जव म्हणजे एक इंच. म्हणून लागोपाठच्या दोन नंबरांत एक तृतीयांश इंचाचे, म्हणजे ८.४६ मिलिमीटरचे अंतर असते. (आपल्या जुन्या मोजणीतही आठ यवांचे एक अंगुल होते, पण तिथे दाणे आडवे लावत, त्यामुळे तो जव आणि हा जव यांचा मेळ घालायला जाऊ नये.) मोठ्यांच्या नंबराचा हिशेब असा: फर्म्याची इंचांतील लांबी गुणिले तीन, वजा पंचवीस. युरोपीय नंबर निराळ्या मोजपट्टीवर चालतो. तिथे एक नंबर म्हणजे दोन तृतीयांश सेंटिमीटर, ६.६७ मिलिमीटर. दोन्ही पट्ट्यांचे टप्पेच वेगळे असल्याने बुटाच्या जिभेवर छापलेले तक्ते एकमेकांशी कधीच तंतोतंत जुळत नाहीत. पुरुषांचा अमेरिकन नंबर इंग्रजीपेक्षा साधारण एकाने मोठा असतो, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

फर्मा हा पायापेक्षा नेहमी थोडा लांब असतो, कारण बोटांच्या पुढे मोकळी जागा ठेवावीच लागते. ती किती ठेवायची हे ज्याचा तो कारखाना ठरवतो. टोकदार बुटात ती जास्त असते, गोल तोंडाच्या बुटात कमी. म्हणूनच दोन कंपन्यांच्या 'आठ'मध्ये आतून बोटभर फरक पडू शकतो आणि दोघीही खोटे बोलत नसतात.

आता आपल्या मापाकडे येऊ. आपण पेन्सिलीने रेघ फिरवली, तिथेच चूक झाली. साधी पेन्सिल सुमारे सात मिलिमीटर जाड असते आणि शिसे तिच्या मधोमध असते. पेन्सिल अगदी सरळ उभी धरली तरी रेघ पायापासून साडेतीन मिलिमीटर बाहेर उमटते, टाचेकडे साडेतीन आणि बोटांकडे साडेतीन. म्हणजे २६५ मधले सात मिलिमीटर पेन्सिलीचे आहेत आणि आपला पाय २५८ च्या आसपास असावा. त्यात बोटांपुढची मोकळीक म्हणून १४ मिलिमीटर मिळवा. २७२ होतात, त्याचे १०.७ इंच, गुणिले तीन ३२.१, वजा पंचवीस, सात. हाच हिशेब २६५ वर केला तर उत्तर आठ येते. एका पेन्सिलीने आपला नंबर एकाने वाढवला आणि उरलेला एक करंगळीने वाढवला. आपण सात नंबरच्या पायात नऊ नंबरचा बूट घालून अंबाझरीला चालायला जात असाल, तर टाच सुटण्यात नवल काहीच नाही.

माझे वडील पेन्सिलीनेच माप घेत, परंतु त्यांच्याकडे उभी चिरलेली पेन्सिल असे. सुरीने ती लांबीत मधोमध दुभागायची, अर्धे शिसे उघडे ठेवायचे आणि सपाट बाजू पायाला लावून फिरवायची. रेघ पायाला चिकटून येते. लहानपणी हे काम माझ्याकडे होते आणि शिसे मोडले की टपली मिळे. घरी हा खटाटोप करण्याची आवश्यकता नाही, कारण लांबी मोजण्यासाठी रेघ फिरवावीच लागत नाही.

त्याऐवजी असे करावे. गालिचा किंवा चटई नसलेल्या कडक फरशीवर, भिंतीला काटकोनात कागद ठेवून तो चिकटपट्टीने पक्का करावा. ए-फोर आकाराचा कागद २९७ मिलिमीटर लांब असतो, त्यावर बहुतेकांचा पाय मावतो. भिंतीच्या पायथ्याशी स्कर्टिंग असेल तर कागद आणि टाच दोन्ही तिलाच टेकवावीत. महालातल्या जुन्या घरांसारख्या भिंती फुगलेल्या असतील तर भिंतीचा नाद सोडून लोखंडी कपाटाची बाजू घ्यावी. ज्या मोज्यांत बूट घालणार तेच मोजे घालावेत. दोन्ही पायांवर सारखे वजन देऊन, समोर पाहत सरळ उभे राहावे आणि खूण दुसऱ्याने करावी. स्वतः वाकून खूण करू गेले की वजन पुढे जाते आणि टाच भिंतीपासून सुटते. बसून माप घेतले तर तळपायाची कमान दबत नाही आणि पाय काही मिलिमीटर आखूड भरतो. ज्याला खूण करायची आहे त्याने एखादे जाड पुठ्ठ्याचे पुस्तक उभे धरून सर्वांत लांब बोटाला हलकेच टेकवावे आणि पुस्तकाच्या बुडाशी रेघ ओढावी. सर्वांत लांब बोट अंगठाच असेल असे समजू नये. पुष्कळांचे दुसरे बोट अंगठ्यापेक्षा पुढे असते, आणि अशा माणसाने अंगठा चाचपून बूट घेतला तर दुसऱ्या बोटाचे नख महिन्याभरात काळे पडते. भिंतीपासून रेघेपर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये लिहावे. 'साडेपंचवीस-सव्वीस' असे मोघम लिहू नये, कारण अर्ध्या सेंटिमीटरमध्ये अर्धा नंबर हरवतो.

दोन्ही पाय मोजावेत. ते तंतोतंत सारखे क्वचितच असतात आणि बूट नेहमी मोठ्या पायाच्या मापाने घ्यावा. लहान पायाकडची मोकळीक पातळ इनसोलने, म्हणजे बुटाच्या आत तळाशी बसणाऱ्या गादीने, भरून काढता येते, मोठ्या पायाकडची अडचण कशानेही भरून निघत नाही.

लांबीइतकेच, किंबहुना आपल्या बाबतीत तिच्याहून महत्त्वाचे माप चवड्याच्या घेराचे आहे. शिंप्याचा कापडी टेप घ्यावा. नसेल तर सुतळी चालेल, ती नंतर फुटपट्टीवर धरता येते. अंगठ्याच्या मुळाशी आतल्या बाजूला जे हाड पुढे आलेले असते तिथून करंगळीच्या मुळाच्या हाडापर्यंत टेप गुंडाळावा. ही दोन हाडे एका सरळ रेषेत नसतात, करंगळीचे हाड मागे असते, म्हणून टेपही तिरपाच बसतो. तो ओढून सरळ करू नये. पायावर वजन असू द्यावे, टेप कातडीला टेकावा पण रुतू नये. याच दोन हाडांमधली सरळ रुंदीही कागदावर खुणा करून घेतली तर उत्तम.

आता घेराचे आणि नंबराचे गणित पाहा, म्हणजे आपली नऊ नंबरची खरेदी कुठे फसली ते दिसेल. इंग्रजी पद्धतीच्या पारंपरिक फर्म्यांत नंबर एकाने वाढला की लांबी साडेआठ मिलिमीटर वाढते आणि चवड्याचा घेर पाव इंच, म्हणजे सहा मिलिमीटरांहून थोडा अधिक वाढतो. त्यातले पायाखालच्या सपाट रुंदीत येतात जेमतेम दोन मिलिमीटर. दुसरीकडे, नंबर तोच ठेवून रुंदीची पायरी एकाने वाढवली तरी घेर तेवढाच, पाव इंच, वाढतो आणि लांबी मुळीच वाढत नाही. इंग्रजी पद्धतीत या पायऱ्यांना अक्षरे असतात. पुरुषांच्या बुटांत एफ ही सर्वसाधारण, जी आणि एच त्याहून रुंद. आपण सातवरून नऊवर गेलात तेव्हा घेरात बारा-तेरा मिलिमीटर मिळवले, पण त्यासाठी लांबीत सतरा मिलिमीटर जास्तीचे घेतले. तीच जागा सात नंबरच्या एच रुंदीत लांबी न वाढवता मिळाली असती.

ही जादा लांबी केवळ बोटांपुढे रिकामी पडून राहिली असती तर एवढे बिघडले नसते. बुटाचा तळ एका विशिष्ट जागी वाकण्यासाठी बनवलेला असतो आणि ती जागा चवड्याखाली यायला हवी. मोठ्या नंबराच्या बुटात ती जागा पुढे सरकते. मग पाऊल उचलताना पाय वाकतो एका ठिकाणी आणि बूट वाकतो त्याच्या बोटभर पुढे. परिणामी टाच वर ओढली जाते, वरच्या चामड्याची घडी बोटांवर पडून तिथे कुरूप उठते, आणि बूट पायात राहावा म्हणून माणूस नकळत बोटे आखडून चालू लागतो. कमानीचा आधारही चुकीच्या जागी येतो. म्हणून तिसरे एक माप घ्यावे, जे घरी कोणीच घेत नाही: भिंतीपासून अंगठ्याच्या मुळाच्या हाडापर्यंतची लांबी. दोन माणसांचे पाय २५८ मिलिमीटरच असले तरी एकाची बोटे लांब आणि दुसऱ्याची आखूड असू शकतात. आखूड बोटांच्या माणसाचा चवडा पुढे असतो आणि त्याला कधीकधी अर्धा नंबर मोठाच बूट योग्य बसतो. काही दुकानांत सरकत्या पट्ट्यांची ॲल्युमिनियमची पाटी दिसते. अमेरिकेत सिरॅक्यूजच्या चार्ल्स ब्रॅनॉक यांनी १९२० च्या दशकात तयार केलेले ते मापयंत्र नेमकी ही तीन मापे घेते, लांबी, टाचेपासून चवड्यापर्यंतचे अंतर आणि रुंदी. आमच्याकडची पाटी बरीच वर्षे ग्राहकांची मुले घसरगुंडी म्हणून गाड्या सोडायला वापरत असत, कारण नंबर सांगून बूट मागणाऱ्याला पाय मोजून घेणे कमीपणाचे वाटते.

रुंदीचा प्रश्न आपल्या एकट्याचा नाही. ज्यांचे बालपण अनवाणी किंवा चपलेत गेले त्यांची बोटे पसरलेली असतात आणि चवडा रुंद असतो. विदर्भात वर्षातले सात-आठ महिने चप्पल घालणाऱ्यांचे पाय असेच असायचे. बाजारातले पुष्कळ फर्मे मात्र परदेशी पायांच्या मापांवरून आलेले आहेत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभर एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापे घेतली आणि त्यावरून 'भा' नावाची भारतीय नंबरांची पद्धत प्रस्तावित केली. भारतीय पाय युरोपीय-अमेरिकन पायांपेक्षा रुंद असतात, हे त्या पाहणीतही दिसले. दुकानात ती पद्धत रुळेपर्यंत 'रुंद पायाचा फर्मा आहे का' हा प्रश्न ग्राहकानेच विचारला पाहिजे. विक्रेता आपण होऊन रुंदी विचारील अशी अपेक्षा ठेवू नये. हे मी स्वतः विक्रेता असून लिहितो आहे.

माप केव्हा घ्यावे, याला नागपुरात विशेष अर्थ आहे. दिवसभराच्या उभे राहण्याने आणि चालण्याने पाय सायंकाळपर्यंत थोडे सुजतात, म्हणून माप सायंकाळी घ्यावे, हे सर्वत्र सांगितले जाते आणि ते बरोबर आहे. पण आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि डिसेंबर-जानेवारीत रात्री १० च्या खाली उतरतो. उन्हाच्या तडाख्यात पायाच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, पाणी तळाशी उतरते आणि घेर वाढतो. भर मे महिन्यात दुपारी चारला बर्डीवर फिरून आलेल्या पायाला जो बूट ठीक वाटतो तो जानेवारीत जाड मोजा घालूनही ढिला होतो. उलट, हिवाळ्यात सकाळी घट्ट घेतलेला बूट एप्रिलमध्ये पायात शिरत नाही. यावर माझा तोडगा साधा आहे: लेस बांधायचे बूट केव्हाही घ्यावेत, ते ऋतूप्रमाणे आवळता-सोडता येतात, लेस नसलेले, नुसते पाय सरकवायचे बूट मात्र मार्च किंवा ऑक्टोबरच्या संध्याकाळी घ्यावेत.

मापे घेऊन झाल्यावर दुकानात बूट पाहायचा तो पुढीलप्रमाणे. इनसोल सुटे निघत असेल तर ते बाहेर काढून जमिनीवर ठेवावे आणि त्यावर उभे राहावे. टाच मागच्या काठाशी जुळवली असता बोटांपुढे १० ते १२ मिलिमीटर जागा उरली पाहिजे, धावण्याच्या बुटात थोडी अधिक. आणि करंगळी किंवा चवडा काठाबाहेर लोंबता कामा नये. बुटात पाय घालून जे दिसत नाही ते इथे एका दृष्टिक्षेपात दिसते. इनसोल चिकटवलेले असेल तर घरून पुठ्ठ्याची एक बोटभर रुंद पट्टी कापून न्यावी, लांबी आपल्या पायापेक्षा १२ मिलिमीटर जास्त. ती बुटात न दुमडता तळाशी सपाट बसली तर लांबी पुरेशी आहे. त्यानंतर दोन्ही बूट घालून, लेस बांधून, उभे राहावे. लेसच्या दोन पाळ्या एकमेकींना पूर्ण चिकटल्या तर बूट आपल्या पायाला ढगळ आहे; त्यांच्यात तीन-चार बोटांची फट राहिली तर पायाचा वरचा उंचवटा बुटाला जड जातो आहे. दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर चार पावले टाकताना नव्या चामडी बुटात टाच किंचित उचलली गेली तर घाबरू नये, तळ मऊ झाल्यावर ते थांबते. मात्र मोजा टाचेवर घासून सरकत असेल तर तो बूट ठेवून द्यावा. आणि 'वापरल्यावर सैल होईल' या आश्वासनाचा नेमका अर्थ ध्यानात ठेवावा. चामडे आडवे थोडे पसरते, लांबीत कधीच वाढत नाही. कृत्रिम चामडे जवळजवळ कुठेच पसरत नाही. बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यांत लागणाऱ्या सुरक्षा-बुटांत तर पुढे पोलादी टोपी असते, तिथे करंगळीला पहिल्या दिवशी जे लागेल ते शेवटच्या दिवसापर्यंत लागेल.

चपलेला हे नियम लागत नाहीत. कोल्हापुरीत पाऊल तळाच्या काठाच्या आत पाच-सहा मिलिमीटर राहिले की पुरे, आणि पट्टा सुरुवातीला जरा कसलेलाच घ्यावा, तो लवकर मोकळा होतो.

मुलाच्या बाबतीत आपण दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. बुटांची खरेदी मात्र लोक एप्रिलमध्ये शाळा सुटतानाच उरकून टाकतात, आणि दोन-अडीच महिन्यांत वाढता पाय काही मिलिमीटर पुढे गेलेला असतो. माप शाळा उघडण्याच्या आठवड्यात घ्यावे. दुसरी गोष्ट अंगठ्याची चाचपणी. आई-वडील बुटाच्या टोकावर बोट दाबून 'जागा आहे' असे म्हणतात, पण दाब आला की मूल बोटे आत आखडून घेते. मी नवखा असताना ज्या दुकानात शिकाऊ होतो तिथे याच पद्धतीने एका मुलीला बूट दिले. पंधरा दिवसांत तिचे वडील आले आणि त्यांनी मोजा काढून तिच्या अंगठ्याचे सोललेले टोक मला दाखवले. तेव्हापासून मी मुलांच्या बुटावरून कधी बोट दाबत नाही, इनसोल काढतो. मुलांना बोटांपुढे १२ ते १५ मिलिमीटर जागा ठेवावी. शाळकरी वयात पाय वर्षाला साधारण एक नंबर वाढतो, म्हणून दोन नंबर मोठा घेऊन पुढे कापूस कोंबण्यात काटकसर नाही. सहा महिन्यांनी पुन्हा मोजावा हे बरे. मुलांच्या नंबरांची मालिका तेरापर्यंत जाते आणि मग मोठ्यांची मालिका पुन्हा एकपासून सुरू होते. त्यामुळे ऑनलाइन खरेदी करताना 'एक' नंबर पाहून तान्ह्या बाळाचा बूट घरी येण्याचा प्रसंग अनेकांवर येतो.

आईंच्या पादत्राणांविषयी मात्र मी अधिक काळजीने लिहितो. दीर्घकाळच्या मधुमेहात पायाची संवेदना कमी होऊ शकते, आणि तसे झाले असेल तर 'कसे वाटते' या प्रश्नाला अर्थ राहत नाही. किंबहुना अशा व्यक्तींना घट्ट बूट बरा वाटतो, कारण सैल बूट त्यांना पायात असल्याचे जाणवतच नाही. बधिर पायांचा हा धडा आपल्या भागाने कुष्ठरोगाच्या निमित्ताने फार जवळून पाहिला आहे. वर्ध्याजवळच्या दत्तपूरला १९३६ पासून आणि वरोऱ्याच्या आनंदवनात त्यानंतर कुष्ठरोग्यांची सेवा झाली. तिकडे वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की बधिर पायाच्या जखमा रोगाने पाय झडून होत नाहीत, वेदना न कळल्यामुळे एकाच जागी पुन्हा पुन्हा पडणाऱ्या दाबाने होतात. त्या कामातून पुढे आलेले मऊ सूक्ष्मछिद्री रबर, ज्याला सर्वजण एमसीआर म्हणतात, आज मधुमेहींच्या चपलांत वापरले जाते. आईंचे माप डोळ्यांनी आणि टेपने घ्यावे, त्यांच्या होकारावर अवलंबून राहू नये. अंगठ्याची चप्पल टाळावी. मागे पट्टा, वर वेल्क्रो आणि बोटांवर भरपूर उंची असलेले पादत्राण घ्यावे. पहिल्या दिवशी तासाभराने ते काढून पाय न्याहाळावा. लाल डाग पडला असेल आणि अर्ध्या तासात विरला नसेल तर ते परत करावे. घालण्यापूर्वी दर वेळी आत हात फिरवून खडा, खिळा पाहावा. पायाला आधीच जखम, घट्टा किंवा वाकडेपणा असेल तर दुकानात येण्याआधी डॉक्टरांना पाय दाखवावा. तिथे माझ्या टेपचे काम नाही.

राहिला प्रश्न आपल्याकडच्या दोन जोडांचा. आठ नंबरचा बूट अस्सल चामड्याचा असेल आणि इनसोलवर उभे राहिल्यावर फक्त करंगळीच काठावर येत असेल, तर चांगल्या कारागिराकडे तो द्यावा. करंगळीच्या जागी गाठ बसवलेला फर्मा आत घालून दोन-तीन दिवस ठेवला की तेवढीच जागा फुगवता येते. पुढे उरणारी थोडी लांबी लेस नीट आवळून सांभाळता येईल. नऊ नंबरच्या चालण्याच्या बुटाला मात्र उपाय नाही. त्यात जाड इनसोल घातले तर पाय वर उचलला जाऊन टाच आणखी सुटेल, आणि वाकण्याची जागा जिथे आहे तिथेच राहील. तो परत होत नसेल तर घरातल्या ज्या कोणाचा पाय २७५ मिलिमीटरच्या आसपास भरेल त्याला द्यावा, आणि स्वतःसाठी सात नंबरमध्ये रुंद फर्मा शोधावा. नवा जोड आला की पहिले दोन दिवस संध्याकाळी तो घरातल्या फरशीवरच अर्धा-अर्धा तास घालून हिंडावे, खोके आणि चिठ्ठी जपून ठेवावी. तळाला रस्त्याची धूळ लागली की कोणताही दुकानदार, मी धरून, तो परत घेताना कुरकुर करतो.